देवी टोचणारा आला की माणसं रानात का पळायची?

देवी, गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, गालगुंड. हे शब्द घरातल्या शाळकरी मुलाला विचारून बघा. गोवर एखाद्या वेळेस ऐकलेला निघेल. घटसर्प म्हटलं तर त्याला ती सापाची जात वाटेल. हेच शब्द ऐंशीच्या पुढच्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा शब्दापाठोपाठ एखादं माणूस आठवतं. पाठचा भाऊ, चुलतबहीण, शेजारचं पोर.

दोन पिढ्यांत हा बदल झाला, आणि त्यात लशीचा वाटा फार मोठा आहे. ते सिद्ध करायला ही पोस्ट नाही. विषय जरा वेगळा आहे.

लसीकरणाची मोहीम निघाली की आपल्याकडच्या ग्रुपांवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरायला लागतात. एक म्हणतो, लशीत काहीतरी मिसळलंय, पोरांना देऊ नका. दुसरा म्हणतो, ही सगळी अडाणी जनता आहे, यांचं रेशन बंद करा, मग गुमान रांगेत येतील. पहिला मेसेज खोटा आहे, त्यावर पुढे बोलतोच. पण मला दुसऱ्याचीही तेवढीच काळजी वाटते. तो आपल्यासारख्या शिकलेल्या माणसांकडून येतो, आणि लसीकरणाचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास त्याला साथ देत नाही.

हा इतिहास सुरू होतो आपल्या मुंबईतच.

इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने १७९६ साली गायीच्या देवीचा द्रव एका मुलाच्या दंडावर टोचला आणि माणसाच्या देवीपासून बचाव होतो हे दाखवलं. आता ही लस हिंदुस्थानात आणायची कशी? फ्रीज नाही, बर्फ नाही. बगदाद, बसरा असे टप्पे घेत ती जहाजाने मुंबईला आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. देवीची लस घेणारी भारतातली ती पहिली. तिच्या फोडातला द्रव पुढच्या मुलांना, त्यांच्या फोडातला आणखी पुढच्यांना, अशी साखळी करत लस पुणे, सुरत, हैदराबाद आणि मद्रासला पोचली. तेव्हा लशीची बाटली म्हणजे लहान मुलाचा दंड होता.

आता हीच पद्धत आईच्या बाजूने बघा. सरकारचा माणूस येतो, लेकराचा दंड खरवडतो. फोड येतो, ताप येतो. आठवडाभराने तोच माणूस परत येतो आणि म्हणतो, पोराला आण, फोड फोडून त्यातला द्रव दुसऱ्यांसाठी घ्यायचाय. पोर आधीच रडून हैराण. वर हा द्रव कुणाच्या दंडातून आला, कुठल्या घरातून आला, त्या घरात काय आजार आहे, काही ठाऊक नाही. त्यात जातीची शिवाशीव मानणारे होते हे खरंच. पण निव्वळ आरोग्याच्या दृष्टीनेही ती भीती पोकळ नव्हती. दंडातून दंडात लस देताना उपदंशासारखे रोग पसरल्याची उदाहरणं खुद्द युरोपात नोंदली गेली होती.

पुढे टोचायला जे हत्यार आलं ते दातेरी चकतीसारखं होतं. कातडीवर टेकवून गरागरा फिरवायचं. ज्यांच्या हातावर देवीच्या लशीचे दोन-चार गोल वण आहेत त्यांना विचारा. देवी टोचणारा गावात आला की पोरं कणगीमागे आणि बाया रानात, ही आठवण महाराष्ट्रात घरोघर सापडते. त्यात अंधश्रद्धा होती का? होती. देवीचा आजार म्हणजे शीतलामाईचं घरात येणं. माहीमला तिचं देऊळ आहे, केळव्याला आहे, चौलला आहे. पण नुसत्या श्रद्धेवर बोट ठेवून हत्याराचे दात विसरणं बरोबर नाही.

मुंबईत ही कोंडी कशी फुटली? एक मार्ग सक्तीचा होता. १८७७ मध्ये मुंबई शहरात लहान मुलांना देवी टोचणं कायद्याने सक्तीचं झालं. दुसरा मार्ग पद्धत बदलण्याचा होता. माणसाच्या दंडाऐवजी वासराच्या अंगावर लस वाढवायची. या कामाशी एक मराठी नाव जोडलेलं आहे, डॉ. अनंत चंद्रोबा. भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग यांच्याबरोबर ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले हे डॉक्टर. भाऊ दाजींच्या नावाचं संग्रहालय आहे. अनंत चंद्रोबांनी मुंबईच्या लसीकरणात काम केलं, त्यांचं नाव मात्र आज फारसं कुणाला ठाऊक नाही. वासराची लस आल्यावर लेकराचा फोड पुन्हा फोडायची गरज राहिली नाही, आणि कुणाच्या दंडातलं कुणाच्या दंडात हा प्रश्नच मिटला. म्हणजे आईच्या तक्रारीला पद्धतीनेच उत्तर दिलं.

यानंतर आला प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिला रोगी ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात जे घडलं ते आपण शाळेत शिकलोय. गोरे सोजीर घरात शिरले, देवघरापर्यंत गेले, बायाबापड्यांची तपासणी झाली, सामान बाहेर काढून जाळलं. आजारी माणसाला उचलून इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत. लोक रोगी लपवायला लागले. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. सरकारला साथ आवरायची होती, पण सगळ्यात आधी रोगी कुठे आहे हे कळायला हवं, आणि नेमकं तेच कळेनासं झालं. जबरदस्तीने साध्य काय झालं असेल तर हे.

याच महिन्यांत मुंबईत एक माणूस वेगळ्या वाटेने चालला होता. वाल्डेमार हाफकिन, आजच्या युक्रेनमधल्या ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली. मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवायचे आणि मग उष्णता देऊन मारायचे. जंतू नीट वाढावेत म्हणून त्या रश्श्यावर तो तुपाचे थेंब सोडायचा. त्या तरंगत्या थेंबांना धरून जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढायचे. आपलं साजूक तूप प्लेगच्या लशीत कामाला आलं होतं! आणि रस्सा गोमांसाचा असला तर इथे कुणी घेणार नाही, म्हणून त्याने बकऱ्याचं मांस वापरलं. लोक काय म्हणतील हा विचार त्याने प्रयोगशाळेतच केला होता.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिनने पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या साधारण निम्म्या कैद्यांना लस दिली गेली. टोचलेल्यांपेक्षा न टोचलेल्यांत आजारी आणि मेलेले कितीतरी जास्त निघाले. पुढे आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून चारचौघांत लस टोचून घेतली आणि हाफकिनला कामासाठी बंगलाही दिला. पुण्यातला सोजीर आणि मुंबईतली ही सुई एकाच सालातल्या गोष्टी आहेत.

त्याच मार्चच्या १० तारखेला सावित्रीबाई गेल्या. पुण्याजवळ प्लेगचे रोगी यशवंतरावांच्या दवाखान्यात आणता आणता त्यांनाच प्लेग झाला. हाफकिनने स्वतःला सुई टोचून घेतली त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. लस सापडणं आणि ती माणसापर्यंत पोचणं यात किती अंतर असतं, हे मला या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं.

आता लशीच्या बाजूने बोलणारे आपण लोक जी गोष्ट गाळतो ती सांगतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस दिली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतले. खापर हाफकिनवर फुटलं, त्याला कामावरून दूर केलं. चौकशीत नंतर असं पुढे आलं की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. मलेरियाचं कोडं सोडवणाऱ्या रोनाल्ड रॉसने हाफकिनची बाजू जाहीरपणे घेतली आणि १९०७ मध्ये त्याच्यावरचा ठपका निघाला. पण १९ माणसं परत आली नाहीत. म्हणून लशीनंतर काही झालं तर तक्रार ऐकलीच पाहिजे, तपासलीच पाहिजे. 'काही होत नाही हो' म्हणून उडवून लावणारा माणूस लशीचं नुकसानच करतो. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचं नाव मिळालं. पुढे देशाला पोलिओचे डोस पुरवणारं एक मोठं केंद्र तिथेच उभं राहिलं.

स्वातंत्र्यानंतरची देवीची गोष्ट तर आजच्या अधिकाऱ्यांनी भिंतीवर लावावी अशी आहे. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. उद्दिष्ट सोपं, जास्तीत जास्त लोकांना टोचा. कागदावर कोट्यवधी डोस झाले, तरी देवी काही हटेना. का? कारण टोचणारे शाळेत जायचे. शाळेतली तीच तीच मुलं पुन्हा पुन्हा टोचली जायची आणि आकडा भरायचा. वस्तीच्या टोकाचं घर, वीटभट्टी, पालं, रेल्वेकडेची झोपडी राहून जायची. देवी तिथेच राहत होती.

मग पद्धत बदलली. १९७३ पासून हजारो कर्मचारी घरोघर शोधाला निघाले. हातात देवी झालेल्या बाळाचं चित्र असलेलं कार्ड. शाळेत, आठवडे बाजारात, चहाच्या टपरीवर ते दाखवून विचारायचं, असा आजारी कुणी पाहिलात का? खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवलं आणि ते वाढत वाढत हजार रुपयांपर्यंत गेलं. रोगी सापडला की त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांना लस द्यायची आणि साखळी तोडायची. दातेरी हत्यार जाऊन दुतोंडी साधी सुई आली. २४ मे १९७५ ला आसामात करीमगंजच्या रेल्वे फलाटावर सायबान बीबी ही भारतातली देवीची शेवटची रोगी सापडली. १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला, १९८० मध्ये सगळं जग.

याही मोहिमेत जबरदस्ती झाली. बिहारमध्ये काही ठिकाणी रात्री घरात घुसून, धरून लस दिली गेली. साथ संपली हे खरं. पण त्या रात्रीची आठवण तिथल्या लोकांजवळ राहिली, आणि पुढची लस घेऊन जाणाऱ्या कर्मचाऱ्याला तिला सामोरं जावं लागलं.

पोलिओत हा धडा फार उपयोगी पडला. डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ सुरू झालं. करंगळीवर शाई लावून आणल्याचं आज तिशीत असलेल्यांना आठवत असेल. तरी २००९ साली भारतात ७४१ मुलांना पोलिओ झाला, जगातल्या जवळपास निम्म्या केसेस आपल्या देशात. मोठा भाग उत्तर प्रदेश आणि बिहारचा. काही वस्त्यांमध्ये अफवा होती की डोसामुळे मुलांना पुढे मूल होणार नाही. लोकांचा आणखी एक सवाल होता आणि तो मला बिनतोड वाटतो. आमच्याकडे गटार नाही, पाणी नाही, ताप आला तर डॉक्टर नाही. मग हे दोन थेंब पाजायलाच सरकार दर महिन्याला कसं काय येतं?

यावर पोलीस पाठवले असते तर पुण्यातल्या सोजिरांचीच पुनरावृत्ती झाली असती. तिथे त्याच वस्तीतल्या बायका कामाला घेतल्या. मशिदीतून आवाहन झालं. डोसाबरोबर तापाचं औषध, जुलाबासाठी क्षारसंजीवनी, बाकीच्या लशी देणारी शिबिरं लागली. डोस झालेल्या घराच्या दारावर खडूने एक खूण, राहिलेल्यावर फुली. फुलीच्या घरी परत जायचं. पुन्हा नकार आला तर पुन्हा जायचं, आणि या वेळी घरच्यांच्या ओळखीचं माणूस सोबत न्यायचं. २०१० मध्ये केसेस ४२ वर आल्या. २०११ मध्ये फक्त एक, १३ जानेवारीला, पश्चिम बंगालच्या हावड्यात. त्यानंतर आजवर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूची एकही केस नाही. तोंडातून द्यायच्या डोसातला विषाणू जिवंत पण दुबळा असतो, आणि फार क्वचित त्यानेच लुळेपणा येतो, हेही दडवलं गेलं नाही. म्हणून २०१५ पासून सुईची पोलिओ लसही सुरू केली. परत तेच, शंकेला पद्धतीनं उत्तर.

आता आजचं बोलू. गोवर.

गोवराला आपण हलक्यात घेतो. अंगावर पुरळ, चार दिवस ताप, कडुलिंबाचा पाला, झालं. पण हा माणसाला होणाऱ्या सर्वांत संसर्गजन्य रोगांपैकी एक आहे. संरक्षण नसलेल्या समूहात एका रोग्यापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. त्यातून न्यूमोनिया होतो, कुपोषित मुलाची नजर जाऊ शकते. आणि अलीकडच्या संशोधनातून एक भयंकर गोष्ट कळली आहे. शरीराने आधीच्या रोगांविरुद्ध कमावलेली आठवणच गोवर पुसून टाकतो. म्हणजे गोवर बरा झाला तरी पुढचे कित्येक महिने मूल बाकीच्या जंतूंपुढे उघडं पडतं. साथ रोखायची तर शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात.

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला हेच झालं. नंतर मालेगाव, भिवंडीतही. मुलं दगावली, त्यात बहुतेकांची लस झालेली नव्हती. कोविडच्या काळात नेहमीचं लसीकरण चुकलं होतं. वर्षाला खोली बदलणारी कुटुंबं, सकाळी कामावर जाणाऱ्या आया, आणि सत्र भरतं तेही सकाळीच. काहींनी नकार दिला होता हे खरं. पण नकाराआधी चुकलेली गाठभेट असते. शहराची सरासरी बरी दिसते आणि एका गल्लीत निम्मी मुलं राहून गेलेली असतात. १९६२ ची शाळा आणि वीटभट्टी, तेच गणित.

आणि हे कुठे घडतंय? डोसांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लस कंपनी आपल्या पुण्यात आहे. १९६६ मध्ये घोड्यांच्या फार्मच्या जोडीने सुरू झालेल्या सिरममधून गोवराची लस जगभर जाते. लस पुण्यातून आफ्रिकेत पोचते. गोवंडीच्या गल्लीत पोचायला कुणीतरी जिना चढावा लागतो.

तो जिना आशाताई चढतात. आणि आपण काय करतो? मी स्वतः एकदा आमच्या भागातल्या आशाताईंबरोबर दुपारभर फिरलोय. झोपडपट्टीत दार उघडून पाणी विचारणारी माणसं भेटली. मोठ्या सोसायटीत वॉचमनने गेटवरच थांबवलं. 'आमची मुलं प्रायव्हेटला जातात' एवढं इंटरकॉमवरून कळलं. कार्ड बघायला मिळालं नाही. राहून गेलेलं मूल फक्त गरिबाच्याच घरात असतं असं समजू नका.

म्हणून 'लशीत काहीतरी मिसळलंय' म्हणणाऱ्याला अडाणी म्हणू नका. त्याला नेमकं उत्तर द्या. गोवर-रुबेलाची लस घेतली की आठ-दहा दिवसांनी थोडा ताप, बारीक पुरळ येऊ शकतं, ते जातं. गंभीर त्रास फार विरळा, म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास केंद्रात बसवतात. त्रास झाला तर नोंद करायची सोय आहे, ती वापरा. लशीमुळे मूल होत नाही ही अफवा पोलिओच्या वेळचीच आहे. तेव्हा डोस घेतलेली पिढी आज आपली पोरं घेऊन त्याच केंद्रात येते.

आता एक काम. घरातलं लसीकरणाचं कार्ड काढा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यावरचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड-दोन वर्षांत बूस्टर, पाच-सहा वर्षांचं झाल्यावर पुन्हा एक. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन, हे तर निम्म्या घरांत विसरलेलं असतं. सरकारी केंद्रात सगळं मोफत आहे. एखादा डोस चुकला असेल तर उशीर झाला म्हणून घरी बसू नका, जाऊन विचारा.

मग आपल्याकडे काम करणाऱ्या ताईंना, वॉचमनदादांना, समोरच्या बांधकामावरच्या कुटुंबाला विचारा, बाळाचं कार्ड आहे का. नसेल तर लसीकरणाच्या दिवशी दोन तासांची सुट्टी द्या, पगार न कापता. आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा की आशाताई आल्या तर त्यांना वर सोडायचं.